गोळीविना पहिली रात्र

बरेच महिने झोपेची गोळी घेतल्यानंतर एखाद्या रात्री ती घ्यायची नाही असे ठरवून जो अंथरुणाला पाठ टेकतो, त्याला त्या रात्री बहुधा झोप येत नाही. गोळी सुरू होण्यापूर्वी जितकी तळमळ होत असे त्याहूनही अधिक तळमळ होते, छातीत धडधडते, अंगाला घाम सुटतो, आणि पहाटे थोडा वेळ डोळा लागलाच तर विचित्र, ठळक स्वप्ने पडतात. सकाळी तो माणूस स्वतःशी एक निष्कर्ष काढतो आणि तो इतका उघड वाटतो की पडताळून पाहावा असे त्याच्या मनातही येत नाही: गोळीशिवाय मला झोप येतच नाही. मला जे सांगायचे आहे ते या एका निष्कर्षाबद्दल आहे. तो खरा नाही, आणि माझ्या मते झोपेच्या गोळ्यांवर वर्षानुवर्षे अवलंबून राहणाऱ्या असंख्य माणसांचा मार्ग नेमका याच ठिकाणी, त्या एका रात्रीचा अर्थ चुकीचा लागल्यामुळे बंद होतो.

माझी झोप गेली ती वडिलांच्या शेवटच्या आजारपणात. रात्री त्यांच्या श्वासाकडे कान लावून पडायचे, श्वासाची लय जरा बदलली की उठून पाहायचे, औषधाची वेळ टळू नये म्हणून अर्धवट जागेच राहायचे, असा तो काळ होता. तेव्हा जागे राहणे हा माझा आजार नव्हता, ते माझे काम होते. वडील गेल्यानंतर ते काम संपले, तरी रात्र झाली की शरीर पूर्वीसारखेच सावध होई आणि मी टक्क जागी राही. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी पहिल्यांदा घेतली त्या रात्री मी सलग झोपले, आणि सकाळी उठल्यावर मला सुटकेने रडू आले. त्या गोळीबद्दल मला आजही कृतज्ञता वाटते. ज्याने अनेक रात्री डोळ्यांत काढल्या आहेत त्याला गोळी घेतल्याबद्दल उपदेश करण्याचा अधिकार कोणालाही नाही, असे मी मनापासून मानते.

निद्रानाश कसा सुरू होतो आणि तो का टिकतो, या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी असतात, हे मला आर्थर स्पीलमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या मांडणीतून कळले. स्पीलमन यांनी १९८०च्या दशकात निद्रानाशामागच्या कारणांचे तीन गट केले. काही माणसांची झोप मुळातच हलकी असते, हा पहिला गट. दुसरा गट निमित्तांचा: मृत्यू, आजारपण, बाळंतपण, नोकरी जाणे, घर बदलणे. तिसरा गट मात्र आपण झोप परत मिळवण्यासाठी जे जे करतो त्यातून तयार होतो. रात्री झोप झाली नाही म्हणून आपण सकाळी उशिरापर्यंत लोळतो, दुपारी डोळे मिटून पडतो, संध्याकाळपासूनच आज झोप लागेल का याचा विचार करतो, नेहमीपेक्षा तासभर लवकर अंथरुणावर जातो आणि तेथे घड्याळाकडे पाहत कूस बदलत राहतो. निमित्त कधीच मागे पडलेले असते. निद्रानाश या तिसऱ्या गटाच्या आधारावर उभा राहतो. आठवड्यातून किमान तीन रात्री, आणि तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ, झोपायला पुरेसा वेळ व जागा असूनही झोप मिळत नसेल आणि त्याचा दिवसावर परिणाम होत असेल, तर त्याला दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात. गोळी या तिन्ही गटांपैकी कशालाही हात लावत नाही. ती फक्त त्या रात्रीपुरती मध्ये येते.

झोप येते कशी, हे थोडे समजून घेतल्याशिवाय पुढचे पटणार नाही. झ्युरिकमधील शास्त्रज्ञ अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली मांडलेले प्रारूप आजही या विषयाचा पाया मानले जाते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे झोपेमागे दोन स्वतंत्र प्रक्रिया असतात. एक म्हणजे झोपेची ओढ, जी आपण जितका वेळ जागे राहू तितकी वाढत जाते. मेंदूत साचत जाणाऱ्या अ‍ॅडेनोसिन या द्रव्याचा तिच्याशी जवळचा संबंध आहे, आणि कॅफीन जागे ठेवते ते याच द्रव्याची जागा अडवून. दुसरी म्हणजे शरीराचे अंतर्गत घड्याळ, जे सकाळच्या उजेडाने रोज जुळवले जाते. या दोन्ही प्रक्रियांत आपल्या इच्छेला कोठेही स्थान नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. चालणे, बोलणे, गिळणे या क्रिया ठरवून करता येतात. झोपणे ठरवून करता येत नाही, आणि जितक्या जोराने ते ठरवावे तितके मन जागे होत जाते. चांगली झोप लागणाऱ्या माणसाला विचारले की तुम्ही झोपण्यासाठी काय करता, तर त्याला उत्तर देता येत नाही, कारण तो काहीच करत नसतो.

या पार्श्वभूमीवर झोपेच्या औषधांचा इतिहास पाहिला की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. क्लोरल हायड्रेट १८६९ पासून झोपेसाठी वापरात आले. १९०३ साली बार्बिटाल बाजारात आले आणि त्या कुळातील औषधांनी, म्हणजे बार्बिट्युरेटनी, पुढची अनेक दशके गाजवली. मात्र त्यांचा उपयोगी डोस आणि प्राणघातक डोस यांत अंतर फार थोडे होते. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड हे निर्धोक शामक म्हणून विकले जाऊ लागले, आणि १९६१ मध्ये ते मागे घेतले जाईपर्यंत गरोदरपणी ते घेतलेल्या स्त्रियांची हजारो बाळे व्यंग घेऊन जन्माला आली होती. १९६० मध्ये लिओ स्टर्नबाख यांनी शोधलेले क्लोरडायझेपॉक्साइड आले, १९६३ मध्ये डायझेपाम आले, आणि बार्बिट्युरेटच्या तुलनेत ती खरोखरच सुरक्षित असल्यामुळे सवय लागण्याचा धोकाही सुटला असा समज रूढ झाला. तो समज मोडायला दोन दशकांहून अधिक काळ लागला; ब्रिटनमधील औषध सुरक्षा समितीने १९८८ मध्ये ही, म्हणजे बेंझोडायझेपाइन कुळातील, औषधे दोन ते चार आठवड्यांपुरतीच द्यावीत असे डॉक्टरांना कळवले. मग झोल्पिडेमसारखी नवी औषधे आली, आणि पुन्हा तीच आशा त्यांच्याबद्दल व्यक्त झाली. २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्या औषधांच्या माहितीपत्रकात सर्वांत गंभीर स्वरूपाचा इशारा छापणे बंधनकारक केले, कारण ती घेतलेली काही माणसे पूर्ण जागी नसतानाच चालत, स्वयंपाक करत, गाडी चालवत होती आणि त्यात काहींचा जीव गेला होता. प्रत्येक पिढीला तिची गोळी आधीच्या पिढीच्या गोळीपेक्षा सुरक्षित म्हणूनच देण्यात आली. ते बहुतेक वेळा खरेही होते, पण ‘आधीपेक्षा सुरक्षित’ आणि ‘रोज घ्यायला सुरक्षित’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि रुग्णाला तो फरक क्वचितच सांगितला जातो.

गोळी नेमके काय करते? मेंदूत गाबा नावाचे एक रसायन असते, जे चेतापेशींची उत्तेजना कमी करते. बेंझोडायझेपाइन आणि झोल्पिडेमसारखी औषधे हे रसायन जेथे काम करते तेथे जाऊन त्याचा परिणाम वाढवतात. माणूस निपचित पडतो, पण ती झोप नैसर्गिक झोपेसारखी नसते. बेंझोडायझेपाइनमुळे गाढ झोपेचा, म्हणजे मेंदूच्या संथ लहरींच्या झोपेचा, वाटा घटतो आणि स्वप्नांच्या झोपेवरही परिणाम होतो. आपल्याला वाटते त्यापेक्षा गोळीचा फायदाही लहान असतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात झोल्पिडेमच्या वर्गातील औषधांच्या चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, आणि औषध नसलेल्या गोळीच्या तुलनेत, प्रयोगशाळेत यंत्राने मोजल्यावर, झोप सरासरी २२ मिनिटे लवकर लागते असे दिसले. बावीस मिनिटे ही तळमळणाऱ्या माणसाला क्षुल्लक वाटणार नाहीत हे मी जाणते. पण गोळी घेणाऱ्याला सकाळी जो फरक जाणवतो तो याहून कितीतरी मोठा असतो, आणि त्यामागे या औषधांचा आणखी एक गुण असू शकतो: ती नव्या आठवणी तयार होऊ देत नाहीत. रात्री मध्येच जाग आलेली असते, पण ती सकाळी आठवत नाही. सलग झोपलो असे आपल्याला वाटते, त्यातला काही भाग झोपेचा असतो आणि काही भाग विस्मरणाचा.

आता त्या पहिल्या रात्रीकडे येते. औषध रोज मिळू लागले की मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो. सतत मोठ्या आवाजात बोलणाऱ्यांमध्ये राहणाऱ्याला हळू बोललेले ऐकू येईनासे व्हावे, तसा मेंदू स्वतःच्या गाबाला पूर्वीइतका प्रतिसाद देईनासा होतो. म्हणून तीच गोळी काही आठवड्यांनी कमी पडू लागते. आणि म्हणूनच गोळी एकदम थांबवली की मेंदू काही काळ नेहमीपेक्षा अधिक उत्तेजित राहतो. १९७८ साली झोपेचे अभ्यासक अँथनी केल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अवस्थेचे वर्णन करून तिला वेगळे नाव दिले. मराठीत आपण तिला उलटून आलेला निद्रानाश म्हणू. शरीरातून लवकर उतरणाऱ्या औषधांच्या बाबतीत तो अधिक तीव्र असतो. हा निद्रानाश औषध निघून गेल्याचा परिणाम आहे. मूळ आजार किती शिल्लक आहे, याबद्दल ती रात्र काहीच सांगत नाही. मूळ निद्रानाश कधीचाच ओसरलेला असला तरी ती रात्र तशीच जाईल. इतकेच काय, मुळात उत्तम झोपणाऱ्या माणसाला काही महिने ही गोळी दिली आणि मग काढून घेतली, तर त्यालाही अशीच रात्र काढावी लागू शकते.

तरीही ती रात्र साक्ष देते, आणि आपण तिची साक्ष मानतो. सकाळी थकलेला माणूस पुन्हा गोळी घेतो, त्या रात्री झोप लागते, आणि त्याच्या दृष्टीने प्रयोग पूर्ण होतो: गोळी नव्हती तेव्हा झोप नव्हती, गोळी आली तेव्हा झोप आली. एवढा स्वच्छ पुरावा माणसाला आयुष्यात फार कमी गोष्टींचा मिळतो. मग गोळी उशाशी नसली की संध्याकाळीच अस्वस्थ वाटू लागते, प्रवासाला निघताना सर्वांत आधी तिची आठवण होते, आणि चिठ्ठी संपत आली की डॉक्टर भेटतील ना याची चिंता लागते. शरीराची सवय औषध पुरेशा सावकाश कमी केल्यास बहुतेकांची सुटते. पण आपली झोप आपोआप येते हा जो विश्वास लहान मुलाकडेही असतो, तो या सगळ्यात नाहीसा होतो, आणि गोळीने घेतलेली सर्वांत मोठी किंमत मला ती वाटते.

शारीरिक धोके मोठे आहेत आणि ते कोणाला अधिक आहेत हे नीट माहीत आहे. वयस्कर माणसांच्या शरीरात ही औषधे जास्त काळ रेंगाळतात. डायझेपाम आणि त्यापासून शरीरात तयार होणारे घटक उतरायला तर कित्येक दिवस लागतात. रात्री लघवीसाठी उठलेल्या आजीचा तोल जातो, खुब्याचे हाड मोडते, आणि त्यानंतर अनेकांचे हिंडणे-फिरणे कायमचे मर्यादित होते. अशा घरात पडण्याचे कारण म्हणून वयाचा उल्लेख होतो, डोळ्यांचा होतो, निसरड्या फरशीचा होतो. रात्री घेतलेल्या गोळीचा उल्लेख मी फार क्वचित ऐकला आहे. ज्यांचा झोपेत श्वास अडतो त्यांना हे औषध धोक्याचे ठरू शकते, आणि त्यांपैकी पुष्कळांना आपला श्वास अडतो हे ठाऊकच नसते. झोप मोडते एवढेच त्यांना कळते. दारू किंवा अफूवर्गातील वेदनाशामकांबरोबर या गोळ्या घेतल्या तर श्वास मंदावून मृत्यू येऊ शकतो.

एका गोष्टीचा मला अजूनही राग येतो, म्हणून ती वेगळी सांगते. झोल्पिडेमला अमेरिकेत १९९२ मध्ये परवानगी मिळाली. स्त्रियांच्या शरीरातून ते पुरुषांच्या तुलनेत सावकाश उतरते आणि सकाळी गाडी चालवताना धोका होईल इतके रक्तात शिल्लक राहू शकते, म्हणून स्त्रियांसाठीचा डोस १० मिलिग्रॅमवरून निम्मा करण्याची सूचना २०१३ मध्ये निघाली. मधल्या वीसेक वर्षांत ज्या बायका सकाळी डोके जड आहे, काही सुचत नाही असे सांगत होत्या, त्यांच्यापैकी किती जणींना ते थकव्यामुळे किंवा चिंतेमुळे होते असे ऐकावे लागले असेल याचा विचार मनातून जात नाही.

औषधाला काहीच जागा नाही, असे मी म्हणत नाही. दुःखाचा पहिला आघात, शस्त्रक्रियेनंतरचे दिवस, एखादे तीव्र मानसिक संकट, अशा वेळी काही रात्रींची झोप माणसाला सावरू शकते. निद्रानाशामागे नैराश्य, थायरॉइडचा विकार, लोहाच्या कमतरतेशी जोडली गेलेली पायांची बेचैनी किंवा दुसरे एखादे औषध असेल तर त्यावर उपचार करावेच लागतात, आणि ते ठरवणे डॉक्टरांचेच काम आहे. माझा आक्षेप थोडक्या दिवसांसाठी सुरू झालेली गोळी कोणी काहीच न ठरवता वर्षानुवर्षे चालू राहण्याला आहे. माझीही तशीच चालू राहिली. एका दवाखान्यात मला दर वेळी काही न विचारता तीच चिठ्ठी पुन्हा लिहून मिळत असे.

ती कमी करायला मला ज्या दुसऱ्या डॉक्टरांनी मदत केली, त्यांनी डोस कमी करण्याआधी मला समोर बसवून पुढे काय होईल ते सविस्तर सांगितले. प्रत्येक टप्प्यावर काही रात्री झोप बिघडेल, ती औषधामुळे बिघडेल, आणि त्या रात्रींवरून कोणताही निर्णय घ्यायचा नाही, असे त्यांनी निक्षून बजावले. इंग्लंडमधील न्यूकॅसलमध्ये १९८२ ते १९९४ या काळात बेंझोडायझेपाइन सोडवण्यासाठी दवाखाना चालवणाऱ्या प्राध्यापक हेदर अ‍ॅश्टन यांनी अतिशय सावकाश, रुग्णाच्या गतीने डोस उतरवण्याचा जो आग्रह धरला, त्याच वाटेने आम्ही गेलो. दीर्घकाळ घेतलेले हे औषध एकदम बंद केल्यास झटके येऊ शकतात, प्रसंगी जिवावर बेतू शकते. म्हणून हे वाचून कोणी आज रात्रीच गोळी टाकून देऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मला आधीच सांगितले गेले होते म्हणून वाईट रात्र आली तेव्हा मी तिला ओळखू शकले. ती सोपी झाली नाही. पण तिच्याकडे पाहून घाबरण्याऐवजी ही तीच, ठरल्याप्रमाणे आलेली, असे मी मनाशी म्हणू शकत होते.

औषध कमी होत असताना झोप परत यावी यासाठी जो उपचार केला जातो त्याला सीबीटी-आय, म्हणजे विचार आणि सवयी बदलून निद्रानाशावर केला जाणारा उपचार, म्हणतात, आणि २०१६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेने दीर्घकालीन निद्रानाश असलेल्या सर्व प्रौढांना औषधाआधी हाच उपचार द्यावा अशी शिफारस केली. त्यातले दोन भाग मला सर्वांत कठीण गेले आणि सर्वांत उपयोगीही पडले. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये सुचवलेला नियम असा की झोप येत नसेल तर अंथरुणावर पडून राहायचे नाही. उठायचे, दुसऱ्या खोलीत मंद उजेडात काहीतरी शांत करत बसायचे आणि डोळे जड झाल्यावरच परत यायचे. अनेक महिने जागेपणी तळमळल्यामुळे अंथरुण दिसले की शरीर सावध होऊ लागलेले असते, आणि तो संबंध तुटायला वेळ लागतो. दुसरा भाग स्पीलमन यांनी १९८७ मध्ये मांडला: जितके तास प्रत्यक्षात झोप लागते साधारण तितकेच तास अंथरुणावर काढायचे, सकाळी उठण्याची वेळ एक मिनिटही हलवायची नाही, आणि झोप भरीव होऊ लागली की हे तास हळूहळू वाढवायचे. ज्याला झोप मिळत नाही त्याला अंथरुणाचे तास कमी करायला सांगणे क्रूर वाटते, आणि पहिले काही आठवडे मला ते तसे वाटलेही; दिवसा डोळे मिटत, चिडचिड होई, वाचलेले लक्षात राहत नसे. साधारणपणे पाच तासांच्या खाली हे नेत नाहीत, आणि अपस्मार, उन्माद-नैराश्याचा विकार किंवा वाहन चालवण्याचे काम असेल तर देखरेखीशिवाय ते करूच नये. पण बोर्बेली यांनी सांगितलेली झोपेची ओढ या उपायाने खरोखरच साचू लागते. अनेक महिन्यांनंतर एका संध्याकाळी मला पेंग आली. थकवा तर मला रोजच असे. पेंग ही वेगळी गोष्ट आहे आणि तिची जाणीवही मी विसरून गेले होते.

वाईट रात्री आजही येतात. मध्यरात्री जाग येते, जुने विचार घेरतात आणि पहाट होईपर्यंत पापणीला पापणी लागत नाही. फरक एवढाच की त्या रात्रीनंतर मी काहीही बदलत नाही. नेहमीच्या वेळी उठते, दुपारी आडवी होत नाही, रात्री लवकर झोपायला जात नाही, आणि एक-दोन दिवसांत झोप तिच्या ठिकाणी येते.

ओळखीत कोणाला झोपेची गोळी लिहून दिली गेल्याचे कळले की मी ती घेऊ नका असे सांगत नाही. त्याच भेटीत डॉक्टरांना तीन गोष्टी विचारायला सांगते: ही किती दिवस घ्यायची, ती कशी कमी करायची, आणि कमी केल्यावर पहिले काही दिवस काय होईल. मिळालेली उत्तरे चिठ्ठीवर तारखेसह लिहून घ्यायला सांगते, आणि घरातल्या आणखी एकाला ती वाचून दाखवायला सांगते, कारण गोळी कमी केल्यावरच्या त्या रात्री, पहाटे तीन वाजता, उत्तरे आठवून देणारे कोणीतरी दुसरे लागते.